परकारचाचांचं डेलावेअर

बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या कंपनीत परकारचाचांना सगळे 'गव्हर्नर' म्हणत. मलबारी फोरमनपासून पठाण ड्रायव्हरपर्यंत सगळे. नव्या माणसाला वाटे, हे नाव त्यांच्या ऐटीवरून पडलं असावं. स्टोअरच्या खिडकीमागे बसलेला हा किडकिडीत, आखूड पांढऱ्या दाढीचा माणूस हातमोज्यांची जोडीसुद्धा खजिन्यातून काढल्यासारखी द्यायचा. जुने फाटके मोजे खिडकीवर ठेवल्याशिवाय नवे मिळत नसत. पण नावाचं कारण वेगळंच होतं. अमेरिकेत डेलावेअर नावाचं एक चिमुकलं राज्य आहे. मराठी शाळेत सातवी पास झालेला हा माणूस जेवणाच्या सुट्टीत त्या राज्याबद्दल असं बोलायचा, जसं काही ते त्याच्या घराच्या मागच्या दारी आहे.

मी तिथे ड्राफ्ट्समन म्हणून गेलो तेव्हा आखातातलं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी पेन्सिली आणायला स्टोअरवर गेलो. चाचांनी आडनाव विचारलं, मी जाधव म्हणालो. गाव विचारलं, मी महाडजवळचं म्हणून सांगितलं.

"म्हंजे सावित्रीवरचे तुमी," ते म्हणाले. "आमी बाणकोटच्या बाजूचे. तुमी वरचे, आमी खालचे. पानी एकच."

आमच्या गावात आमच्या वस्तीचा पाणवठा कायम खालच्या अंगाला होता. मला कोणी 'वरचा' म्हणण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांना त्यातलं काही माहीत असेल-नसेल, पण हा माणूस मला तिथल्या तिथे आवडला. पेन्सिली मात्र त्यांनी दोनच दिल्या, आणि त्याही सही घेऊन.

स्टोअरचा त्यांचा एक कायदा होता. वस्तू हरवली असं म्हणायचं नाही. मआमीर गावाच्या बाजूला एका प्लांटचं शटडाउनचं, म्हणजे बंद ठेवून दुरुस्तीचं काम होतं, आणि ऐन वेळी पाइपांच्या जोडात बसवायच्या गॅस्केटांचा एक खोका सापडेना. इंजिनियर तणतणत आला. हरवला असं लिहून दे, दुसरे मागवतो, म्हणाला. चाचांनी लिहून द्यायला साफ नकार दिला. दोन दिवस घामाघूम होऊन त्यांनी स्टोअरचा प्रत्येक कप्पा उपसला, आणि तिसऱ्या दिवशी तो खोका वेल्डिंगच्या कांड्यांच्या पेटाऱ्यामागून बाहेर काढला. तोवर इंजिनियरने दुसरे मागवून कामही उरकलं होतं. त्याने चार शिव्या हासडल्या. चाचांना त्याचं काही नव्हतं. "स्टोअरात वस्तू हरवत नाय," ते मला शांतपणे म्हणाले, "जागा चुकते." मी हसलो होतो. त्यांच्या घरचं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

ते कळायला वर्ष गेलं. चाचांचा एकुलता एक मुलगा इम्तियाज एकोणिसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढला होता. ते जहाज युद्ध संपलं त्या वर्षी फळं उतरवायला डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन बंदराला लागलं, आणि निघताना इम्तियाज जहाजावर नव्हता. मुंबईच्या एजंटाचं दोन ओळींचं पत्र आलं, की तुमचा मुलगा जहाज सोडून पळाला. बस्स. एजंटाच्या दृष्टीने प्रकरण मिटलं.

एखाद्या बापाने हे पत्र वाचून डोक्याला हात लावला असता. चाचांनी कामगारांच्या कॅम्पात मिठाई वाटली. यात वेडेपणा काही नव्हता, त्यांच्या खाडीकाठच्या गावांची ती रीतच होती. तिकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर जात, आणि त्यातली काही अमेरिकेच्या बंदरात गुपचूप उतरत. उतरलेला माणूस कागद होईपर्यंत ना पत्र टाकी, ना फोन करी. पत्रावर पत्ता आला, फोनचा माग निघाला, की धरलाच. चाचांच्या शेजारचा एक जण असाच सहा वर्षं गुडूप होता आणि सातव्या वर्षी कोट घालून, हिरवं कार्ड खिशात घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून त्या गावांत उतरलेल्या पोराचं काही कळत नाही, म्हणजे त्याचं बरं चाललंय, असा हिशेब पक्का झाला होता. वाईट बातमी असती तर आली असती, असं जो तो म्हणे. ती आणणार कोण, हे कोणी विचारत नसे.

आणि ही रीत इम्तियाजला शिकवली ती चाचांनीच. जहाजावर चढायच्या आधी तो मुंबईत होता. चाचांनी बहारीनहून फोन करून त्याला बजावलं होतं, की उतरलास तर पाच वर्षं आमचं नाव काढू नकोस. हे त्यांनी मला अगदी अभिमानाने सांगितलं, आणि पोटात ठेवायला लावलं. कोणा गोऱ्याच्या कानावर गेलं तर पोरगा पकडला जाईल, ही त्यांची भीती. तोपर्यंत सगळ्या कॅम्पाला मुलगा अमेरिकेत आहे एवढंच माहीत होतं. कसा आहे ते मला एकट्याला.

मग आमच्याकडे वॉल्टर आला. वेल्डिंग तपासायला आणलेला हा अगडबंब अमेरिकन माणूस नेमका डेलावेअरचा निघाला. कोणी अमेरिकन दिसला की चाचा त्याला डेलावेअर का, म्हणून विचारत. इतकी वर्षं सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली होती. वॉल्टर हो म्हणाला तेव्हा चाचांनी त्याला जुने मोजे न मागता नवी जोडी काढून दिली. कॅम्पात दोन दिवस हीच चर्चा होती.

वॉल्टरची बहीण तिकडे प्राथमिक शाळेत शिकवत होती. या म्हाताऱ्याला आपल्या राज्याचं इतकं अप्रूप का, हे वॉल्टरला कळलं नाही, पण तो भला माणूस होता. त्याने बहिणीकडून मुलांचं इतिहासाचं पुस्तक मागवून चाचांना दिलं. चाचांचं इंग्रजी खोक्यांवरच्या लेबलांपुरतं. त्यामुळे ते पुस्तक मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रोज जेवणानंतर स्टोअरच्या मागच्या बाजूला, वाळूच्या वाऱ्यात सळसळणाऱ्या ताडपत्रीच्या सावलीत, मी दोन पानं वाचायचो आणि चाचा सुक्या बोंबलाचे हात धुऊन ऐकायला बसायचे.

डेलावेअरला तीनच जिल्हे आहेत. वर न्यू कॅसल, मध्ये केंट, खाली ससेक्स. चाचा त्यांना जिल्हे म्हणायला तयार नव्हते. "आमच्या रत्नागिरीत नऊ तालुके. यांच्या अख्ख्या राज्यात तीन. तीन तालुक्यांत पोरगा कुटं जानार?" हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. ऐकवून झालं की चेहरा असा खुलायचा, जणू इम्तियाजला आत्ताच पाहून आले.

पुस्तकात त्या जिल्ह्यांच्या जन्मकथा होत्या. तिथे आधी डच आले, मग स्वीडनचे लोक, मग परत डच, शेवटी इंग्रज. आणि जो आला त्याने जुनं नाव पुसून आपलं लिहिलं. न्यू कॅसल आधी न्यू ॲम्स्टेल होतं. केंटचं नाव सेंट जोन्स होतं आणि ससेक्सचं डील. तीनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज मालक जहाजातून उतरला आणि त्याने या खालच्या दोघांना आपल्या मुलखातल्या परगण्यांची नावं देऊन टाकली. तो उतरला तेव्हा लोकांनी त्याच्या हातात किल्ल्याची किल्ली, डहाळी खोचलेलं गवताचं ढेकूळ आणि वाडगाभर नदीचं पाणी नि माती दिली. म्हणजे मुलूख त्याचा झाला. हा भाग चाचांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मला आवडलं ते निराळंच. न्यू कॅसलच्या कोर्टाच्या घुमटावर कंपासाचं टोक धरून बारा मैलांचं वर्तुळ काढायचं आणि त्याला राज्याची हद्द म्हणायचं, हे माझ्या पेशाला साजेसं होतं. मी चाचांना तीन जिल्ह्यांचा एक मोठा नकाशा ट्रेसिंग कागदावर काढून दिला. त्यांनी तो स्टोअरच्या भिंतीवर लावला आणि त्या दिवसापासून ते गव्हर्नर झाले.

नावांच्या गोष्टीने त्यांच्या डोक्यात एक नवाच किडा सोडला. त्या मुलखात उतरला तो नाव बदलतोच, मग इम्तियाजनेही बदललं असेल. मी म्हटलं, चाचा, नाव काय माणूस उगाच बदलतो का. आमच्या आजोबांच्या काळी गावानं आम्हांला चिकटवलेली नावं होती, ती आम्ही टाकली. पण ती टाकायला अख्ख्या वस्तीची छाती लागली. चाचा म्हणाले, "मंग त्याचीबी छाती आसंल."

दरवर्षी रमजान ईदच्या दिवशी ते त्या नकाशावर पोराला हलवत. पहिलं वर्ष तो न्यू कॅसलमध्ये, बंदराच्या आसपास, कोणाच्या तरी गोदामात लपून. दुसऱ्या वर्षी केंट, कारण आता भीती कमी झाली असणार. तिसऱ्या वर्षी थेट ससेक्स. ससेक्समध्ये कोंबड्यांचे कारखाने आहेत, तिथे कागद न विचारता माणसं घेतात, असं वॉल्टर सहज बोलून गेला होता. चाचांनी इम्तियाजला लगेच कामावर लावलं. तिथे तो कोंबड्या सोलतो, थंडी फार, जाडा कोट घेतलाय, मालक बरा आहे, हे सगळं ते मला सांगत, आणि तेच गावी बायकोला, हमीदाचाचींनाही फोनवर सांगत. फक्त चाचींना सांगताना 'असंल' हा शब्द गाळत. मुलाने निरोप पाठवलाय अशा थाटात सांगत.

मला याचा राग यायला लागला. आज ते लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. आधी मजा वाटायची, मग कीव, मग राग. एवढा नीटनेटका माणूस. एका गॅस्केटच्या खोक्यासाठी स्टोअर उपसणारा. आणि पोराच्या बाबतीत मात्र जागेवरून उठायला तयार नाही. एकदा मी तोंड उघडलं आणि म्हणालो, चाचा, आपण नुसती चौकशी तर करू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तिथेच गिळलं. विचारणं म्हणजे पकडून देणं, एवढंच ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात सरकारविरोधी दंगलींत बहारीनच्या गावांतून रस्त्यावर टायर जळत, सनद गावात भाड्याने घेतलेल्या माझ्या खोलीवर जायला वळसे घ्यावे लागत, आणि कामं आटपून परदेशी लोक एकेक करून जात होते. वॉल्टरचंही कॉन्ट्रॅक्ट संपलं. त्याला विमानतळावर सोडायला मी गेलो. वाटेत त्याने सहज विचारलं, तुझ्या त्या मित्राला आमच्या राज्याचं खूळ का आहे? आणि मी सांगून टाकलं. सगळं. मुलाचं नाव, जहाज, महिना. चाचांनी पोटात ठेवायला सांगितलेली गोष्ट मी विमानतळाच्या रस्त्यावर, सिग्नल सुटायच्या आत ओकलो.

दोन महिन्यांनी माझ्या नावाने त्याचं पत्र आलं. त्याने तिन्ही जिल्ह्यांत विचारून पाहिलं होतं, पोलिसांना नाव न सांगता. काही लागलं नाही. मग कोणी तरी त्याला सांगितलं, की बेवारस मेलेल्यांची चौकशी तिथे जिल्ह्यांकडे नसतेच. त्या कामापुरतं सगळं राज्य एक आहे आणि त्याची एकच कचेरी आहे. तिथे गेल्यावर कळलं, की जहाज निघालं त्याच आठवड्यात बंदराच्या खाली नदीत एका तरुणाचं प्रेत सापडलं होतं. ओळख पटली नव्हती. हिंदुस्थानी असू शकेल, असं कागदावर लिहिलेलं होतं. सोबत चार पानांचा एक फॉर्म होता. उंची, दात, अंगावरच्या खुणा, भाजल्या-कापल्याचे व्रण, जुनं हाड मोडलेलं असल्यास ते. वॉल्टरने शेवटी लिहिलं होतं, की तो तुमचा मुलगा नसावा अशी प्रार्थना करतो, पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी स्टोअरच्या मागे बसून चाचांना मराठीत वाचून दाखवलं, जसं पुस्तक वाचायचो तसंच. दुसरा काही मार्ग मला सुचला नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग फॉर्म माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्याची व्यवस्थित घडी घातली.

"जाधव," ते म्हणाले, "तुमी माज्या पोराला पकडून दिलंत."

एवढं बोलून ते आत गेले. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी खिडकीवर गेलो की चिठ्ठी घ्यायचे, वस्तू द्यायचे, सही घ्यायचे. 'तुमी वरचे' गेलं, सगळंच गेलं. मित्र म्हणाले, होतं ते बरं होतं, तुला नसत्या उठाठेवी कोणी सांगितल्या. इम्तियाज जिवंत असेल तर मी त्याला अडचणीत आणलं होतं, आणि नसेल तर त्याच्या बापाला. दोन्हीकडून मीच.

मग एका गुरुवारी सुट्टी झाल्यावर चाचा माझ्या टेबलाशी आले. ऑफिस रिकामं झालं होतं. त्यांनी फॉर्म उलगडून माझ्या ड्रॉइंग बोर्डावर ठेवला. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, एवढं त्यांनी मोठ्या वळणदार अक्षरात भरलं होतं. चारही पानांवरचे बाकी रकाने कोरे.

मी समजावून सांगू लागलो, की हा रकाना उंचीचा, हा दातांचा. ते म्हणाले, वाचता येतंय मना. मग म्हणाले,

"मना ठावं नाय."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. इम्तियाज दीड वर्षांचा होता तेव्हा चाचा बहारीनला आले. त्यानंतर दोन वर्षांतून एकदा, दोन महिन्यांची रजा. त्या दोन महिन्यांत पाहुणे, लग्नं, घराची कौलं, दर्ग्यात नवस. पोरगा आधी लाजून आईच्या मागे लपायचा, मोठा झाल्यावर मित्रांत असायचा. त्याच्या अंगावर कुठे काय खूण होती, दात कसे होते, उंची बापापेक्षा जास्त होती की कमी, हे त्यांना सांगता येईना. न्यू ॲम्स्टेलचं न्यू कॅसल कसं झालं ते हा माणूस झोपेतही सांगू शकत होता. मुलाचा व्रण डाव्या पायावर की उजव्या, ते त्याला माहीत नव्हतं. व्रण आहे एवढं अंधुक आठवत होतं.

"तिला ठावं आसंल," चाचा म्हणाले. "पन तिला विचारायचं म्हंजे..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. विचारायचं म्हणजे कोंबड्यांचा कारखाना, जाडा कोट, बरा मालक, सगळं आपल्याच तोंडाने पुसायचं. आणि आईला सांगायचं, की तुझ्या पोराच्या अंगावरच्या खुणा हव्यात. कशासाठी हव्यात ते कोणत्याही आईला न सांगता कळतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही दोघं मनामा शहरात फोनच्या बूथवर गेलो. शुक्रवारी तिथे आपल्या लोकांची ही गर्दी असते. गावात फोन एका किराणा दुकानात होता. आधी लावून निरोप द्यायचा, चाचींना बोलावतात, पंधरा मिनिटांनी परत लावायचा. ती पंधरा मिनिटं आम्ही कठड्यावर बसून काढली. समोर लोक आपापल्या घरी ओरडून ओरडून बोलत होते. कोणाला मुलगी झाली होती, कोणाची म्हैस मेली होती. चाचा हातातल्या कोऱ्या कागदाला पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

मी बूथच्या बाहेर, काचेला पाठ करून उभा राहिलो. काय बोलतात ते ऐकायचं नव्हतं. पण काही वेळाने आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. चाचा बोलत नव्हतेच. फोन खांद्याने कानाशी दाबून धरून ते भराभर लिहीत होते. लिहिताना एकदा थांबले, मान हलवली आणि पुन्हा लिहू लागले.

बाहेर आल्यावर त्यांनी कागद माझ्या हातात दिला. डाव्या घोट्यावर भाजल्याचा डाग, तीन वर्षांचा असताना उकळती पेज सांडली. वरचा पुढचा डावा दात अर्धा तुटका, शाळेच्या बांधावरून पडला. उजव्या कानामागे तीळ. करंगळीचं हाड मोडून वाकडं बसलेलं. उंची, माजघराच्या चौकटीला डोकं टेकायला चार बोटं कमी. चौकट साडेपाच फूट आणि सहा बोटं.

"मी फकत म्हनालो, इम्तियाजची निशानी पायजे," चाचा म्हणाले. "कशाला, तिनं इचारलं नाय. एका दमात सांगितलं सगळं. चौकट कदीच मोजून ठेवली व्हती तिनं."

बसच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे आल्यावर त्यांनी मला राहिलेलं सांगितलं.

"फोन ठेवताना म्हनाली, येवडी वर्सं का लावलीत?"

त्यांना रडू आलं. शुक्रवारच्या गर्दीत, थांब्यावर, पंजाबी नि मलबारी नि फिलिपिनो लोकांच्या मधे परकारचाचा उभ्यानेच रडले आणि मी त्यांचा दंड धरून उभा राहिलो. त्यांना मी कधी हात लावला नव्हता. दंडाचं नुसतं हाड लागत होतं. चाची इतकी वर्षं फोनवर कारखान्याच्या गोष्टी ऐकून घेत होत्या, बरं बरं म्हणत होत्या, ते कोणासाठी, हे त्या दिवशी आम्हां दोघांनाही कळलं.

मी बोटांचे इंच केले, फॉर्म इंग्रजीत टाइप केला, चाचांनी सही केली, आणि शनिवारी तो पोस्टात पडला. त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखं बोलू लागले. फक्त डेलावेअरबद्दल एक शब्द नाही. कोणी गव्हर्नर म्हणून हाक मारली तर ओ देत, एवढंच.

उत्तर यायला तीन महिने लागले. घोटा, दात, कानामागचा तीळ, करंगळी. सगळं जुळलं होतं. त्याला तिथल्याच सरकारी दफनभूमीत पुरलं होतं. कसा मेला ते कोणाला सांगता आलं नाही. दोरावरून उतरताना निसटला असेल, पोहून काठ गाठायला निघाला असेल. मार्चमधलं तिथलं पाणी किती गार असतं, ते बाणकोटच्या खाडीत पोहायला शिकलेल्या पोराला काय ठाऊक. तो ना केंटला गेला, ना ससेक्सला. जमिनीवर त्याचा पायसुद्धा लागला नव्हता.

"म्हंजे तो उतरलाच नाय," चाचा म्हणाले. मी म्हणालो, नाही उतरला. "आनि मी त्याला सांगितलं, आमचं नाव काडू नको." वॉल्टरने तिथल्या मशिदीतून दोन माणसं नेऊन कबरीवर फातिहा पढवून घेतला आणि तसं कळवलं. ते चाचांनी दोनदा वाचायला लावलं.

त्यांनी राजीनामा दिला. व्हिसा कॅन्सल झाला, आणि एका सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. आखातातून घरी जाणारा माणूस कधी एकट्याचं सामान नेत नाही. कॅम्पातला जो तो आपलं पार्सल आणून देतो. कोणाच्या आईचं औषध, कोणाच्या बायकोची साडी, पोरांचे बूट. चाचा दर खेपेला अशी बारा-पंधरा घरांची बोचकी नेत आणि रजेतले पहिले आठ दिवस एस्टीने फिरून ती पोचवत. या वेळी कोणी काही आणलं नव्हतं. दुखवट्याच्या माणसावर ओझं कसं घालायचं, असा चांगला विचार सगळ्यांनी एकाच वेळी केला होता. ट्रॉलीवर एक लहान बॅग तेवढी होती.

दरवाजाशी आल्यावर चाचा थांबले.

"तुमचं काय न्यायचं नाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही चाचा, तुम्ही सांभाळून जा.

"द्या की काय तरी," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं तिच्यासमोर कसा उबा राहू?"

माझ्याजवळ काही नव्हतं. गाडीत ड्रॉइंगांची भेंडोळी होती फक्त. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. गावी माझ्या वडिलांना द्या म्हणालो, आणि पुढे सवयीने, जे सगळेच म्हणतात तेच माझ्या तोंडून गेलं, की मुलानं पाठवलंय म्हणून सांगा. बोललो आणि जीभ चावली.

चाचांनी ते घड्याळ रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं. वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. घर विचारलं, ते सांगितलं. त्यांनी दोन्ही एकदा माझ्यासमोर म्हणून पाहिलं, बरोबर आहे का विचारलं.

"मुलानं पाठवलंय," ते म्हणाले. "सांगतो."

आणि माझ्या वडिलांचं नाव पुटपुटत ते आत गेले.